कोऱ्या बाटलीतला वास

दसरा सरला की नांदेडजवळच्या आमच्या भोकरमध्ये घरोघरच्या लोखंडी पेट्या उघडतात. वर्षभर तळाशी दाबून ठेवलेल्या रजया, स्वेटरं, कानटोप्या अंगणातल्या बाजेवर उन्हात पडतात आणि गल्लीभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. असं लोक म्हणतात. शेजारच्या काकू नाकाला पदर लावतात, त्यांची सून शिंकून शिंकून हैराण होते. मला तो वासच येत नाही. मी त्या सुनेच्या शिंका ऐकते आणि समजते, आला हिवाळा.

याला कारण आमचे अब्बा. अब्बा पिंजारी. बसस्टँडमागं त्यांचं गादी-रजईचं दुकान आहे, दुकानामागं आमचं घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक पडदा. दुकानाच्या माळ्यावर डांबर गोळ्यांची खोकी. रजई शिवून झाली की घडीघडीत गोळ्या घालून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, ही आमच्या दुकानाची रीत. झुरळ लागत नाही, कसर लागत नाही. माझा पाळणा त्या माळ्याखालीच बांधलेला होता म्हणे. जो वास पहिल्या श्वासाबरोबर आत गेला, तो पुढं नाकाला कसा कळणार?

या एवढ्याशा गोष्टीनं माझी पीएचडी जाता जाता राहिली. दर साली पेट्या उघडल्या की मला तेच आठवतं.

मी संशोधन केलं बर्फावर. हो, बर्फावर, आणि तेही नांदेडच्या विद्यापीठात. नांदेडला, जिथं एप्रिलात भर दुपारी नळ सोडला तर हाताला चटका बसतो! सुरुवातीला कुणाला सांगायचीच चोरी. मामूजान म्हणाले, "बर्फाचा कारखाना टाकून राहिली का?" काकू म्हणाल्या, "लगीन ठरंपर्यंत कायतरी करावंच लागतंय." अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. मग मी समजावून सांगायचा नाद सोडला. फक्त अब्बांना सांगितलं, तेही त्यांनी विचारलं म्हणून.

अब्बा रुई भरत होते. हात थांबवून म्हणाले, "तिकडं उत्तर ध्रुवावर कारखाने हायत?"

"न्हाईत."

"शेती? फवारणी?"

"काहीच न्हाई अब्बा. नुसता बर्फ."

"मग तिथं जहर कुठून जातंय?"

"इथून," मी म्हणाले. "आपण इथं पऱ्हाट्या जाळतो, टायर जाळतो, डिझेल जाळतो. तो धूर वर चढतो, वारा त्याला नेतो, आणि थंडी लागली की तो खाली बसतो. बर्फावर. बर्फ वितळला की पाण्यात. पाण्यातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात. ज्या अस्वलानं कधी काडी पेटवलेली पाहिली नाही, त्याच्या अंगात आपली विषं सापडतात."

अब्बांनी हातातली रुई खाली ठेवली. मग म्हणाले, "बिचारं." अस्वलाला एवढ्या मायेनं बिचारं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नंतर कधीही मी थकून म्हणाले की सोडून द्यावं हे सगळं, तर ते एवढंच म्हणायचे, "आन् त्या अस्वलाचं काय?"

घरात आम्ही दखनी बोलतो, दुकानात मराठी. अब्बांना मात्र तो मधला पडदा कधी दिसलाच नाही. ते हिशेब दखनीत करतात, रागावतात मराठीत, आणि हळवे झाले की काहीच बोलत नाहीत.

माझी निवड झाली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर, एका छोट्या वस्तीत, एक अख्खा वसंत. आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, आधीच सांगून ठेवलं होतं, "हे एकदाच मिळतं बघ. परत कुणी पाठवत नाही. जे आणशील त्यावरच तुझी डिग्री." मॅडम उदगीरच्या. बोलता बोलता मधेच कानडी 'अय्यो' टाकतात आणि मग ऐकणाऱ्याला कळत नाही की त्या रागावल्यात की खूष आहेत.

घरी अम्मीचं एकच पालुपद. "थंडी बजी तो क्या करती गे?" तिला मी सांगून दमले की तिथं सगळे गरम कपडे मिळतात, सरकारी असतात, आपल्याला काही न्यावं लागत नाही. अम्मीला सरकारी कपड्यांवर भरवसा नाही.

एके सकाळी दुकानातून एक आवाज आला आणि मी चमकले. आता मशीन आहे, रुई मशीनवर पिंजली जाते. पण अब्बांनी भिंतीवरची जुनी, धनुष्यासारखी पिंजण उतरवली होती. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी पडायची आणि घुंग् घुंग् करत रुई हवेत उडायची. त्यांच्या भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, टोपी पांढरी. आपल्या भागातली रुई, सरकीचा कण न् कण वेचून काढलेला. त्यांनी माझ्यासाठी रुईची बंडी शिवली. बिनबाह्यांची, आतून मऊ पांढरं सुती कापड, वरून चौकटीचे टाके. आणि आमच्या दुकानाची रीत पाळून, निघायच्या दिवसापर्यंत गोळ्या घालून पेटीत ठेवली. मुलीच्या बंडीला त्यांनी हात आखडता घेतला नाही. मूठभर गोळ्या जास्तच घातल्या असतील.

आता डोळे मिटले की त्या वसंतातलं काय काय आठवतं! पहिल्यांदा आठवतो तो पांढरेपणा. मला वाटलं होतं पांढरा रंग मला माहीत आहे, मी रुईत वाढलेली पोर. पण तिथला पांढरा संध्याकाळी निळा व्हायचा, आणि सकाळी गुलाबी. मग संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही बंद झाल्या, कारण सूर्य मावळायचाच थांबला. तो नुसता क्षितिजाच्या कडेकडेनं गोल फिरत राहायचा. नमाज कोणत्या वेळेला पढायची, हा मोठाच पेच. अब्बांना फोन केला.

ते म्हणाले, "भोकरच्या टायमानं पढ. वरच्याला समदे गाव ठाऊक हायत."

मग काय, जगाच्या टोकावर मी भोकरच्या टायमानं उठायची, भोकरच्या टायमानं पढायची. भोकरला त्या वेळी घराघरात कूलर घुरघुरत असतील, अम्मी खिडकीला वाळ्याचा ताटा बांधत असेल, हे आठवून मोज्यांवर मोजे चढवताना हसू यायचं.

तिथं कोणत्याही घरात शिरताना बूट दाराबाहेर काढावे लागतात. ऑफिसात जा, जेवायला जा, बूट बाहेर. ते पाहून मला कोण बरं वाटलं! परक्या मुलखात आपल्याकडची एवढी एक गोष्ट सापडली की माणूस टिकतो.

हिमनदीतून पाणी सुटायला लागलं तेव्हा कुठूनतरी लांबून गंभीर घोंघावणं ऐकू यायचं. लहानपणी आम्ही इस्लापूरला सहस्रकुंड धबधबा बघायला गेलो होतो, पाणी दिसायच्या कितीतरी आधी असाच आवाज आला होता आणि मी घाबरून अब्बांचं बोट धरलं होतं. इथंही हात आपोआप बाजूला गेला. बाजूला सोल्वेग होती, खांद्याला रायफल लावलेली. अस्वलांच्या भीतीनं वस्तीबाहेर एकटं जायचं नाही असा तिथला नियम, म्हणून ती रोज माझ्यासोबत यायची. उंच, तांबूस, कमी बोलणारी, पण मनानं लाख. तिनं माझा हात धरला आणि कशाला, असं विचारलंसुद्धा नाही.

आमचं काम म्हणजे सोवळं. बर्फ भरायच्या बाटल्या पुन्हा पुन्हा धुतलेल्या, भट्टीत तापवलेल्या. अंगावर पांढरा कागदी सूट, हातात मोजे, तोंड वाऱ्याकडे. क्रीम लावायचं नाही, अत्तर नाही, नखांना रंग नाही. मी डोळ्यांत सुरमासुद्धा घातला नव्हता. आणि रोज बर्फाबरोबर एक कोरी बाटली भरायची. कोरी म्हणजे तिच्यात शुद्ध पाणी, बाकी काही नाही. मी बर्फ भरत असेन तेवढा वेळ ती शेजारी उघडी ठेवायची आणि मग झाकण लावायचं. कशासाठी, तर उद्या तिच्यात काही निघालंच, तर ते बर्फातलं नाही. ते आपण आणलेलं.

एवढं सगळं पाळून मी रोज त्या सूटच्या आत अब्बांची बंडी घालत होते. सरकारी कपडे गरम होते, नाही असं नाही. पण बंडी घातली की पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटायचं.

एकदा परत येताना सोल्वेगनं मला मिठी मारली आणि हसून म्हणाली, "तुझ्या अंगाला माझ्या आजीच्या कपाटाचा वास येतो." मी इतकी खूष झाले! आजीच्या कपाटाचा वास कुणाला आवडत नाही? त्या रात्रीच्या उजेडात मी अम्मीला कळवलं की इथं लोक माझ्यावर फार माया करतात. काय म्हणावं अशा मुलीला!

नांदेडला परतले तेव्हा पावसाळा अर्धा झाला होता. बाटल्या प्रयोगशाळेत आल्या. आमच्याकडचं ते यंत्र एकेक विष वेगळं करून दाखवतं. जे असेल त्याचं पडद्यावर टोक उभं राहतं, नसेल तर रेघ सपाट. पहिल्यांदा कोऱ्या बाटल्या लावल्या, कारण त्या सपाट निघाल्या की पुढचं सोपं. रेघ निघाली आणि सुरुवातीलाच भलंमोठं टोक उभं राहिलं. दुसरी लावली, तेच. तिसरी, तेच. बर्फातही सापडणार नाही तेवढं कोऱ्या पाण्यात. नॅप्थलीन.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम खुर्ची सरकवून जवळ आल्या. "अय्यो! ह्या रिकाम्या बाटलीत एवढं कुठनं आलं गं?" मी बाटल्यांवर संशय घेतला, विमानावर घेतला, त्या बिचाऱ्या सोल्वेगच्या बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवरही घेतला. मॅडम ऐकत होत्या. मग त्या अचानक वाकल्या, आणि माझ्या गळ्याशी नाक आणून चक्क वास घेतला. प्रयोगशाळेत एसी फार असतो, म्हणून मी अंगात बंडी घातली होती.

"डांबर गोळ्या," मॅडम म्हणाल्या. "अगं पोरी, डांबर गोळ्या!"

आमची डांबर गोळी म्हणजे नॅप्थलीनच. मला हे ठाऊक नव्हतं? मी त्याच विषयात पीएचडी करत होते! पुस्तकातलं नॅप्थलीन मला पाठ होतं. घरातलं मला दिसलं नाही, कारण ते मला कधी परकं वाटलंच नव्हतं.

पुढचे काही आठवडे जीव टांगणीला लागला. एक गोष्ट बिघडली तर बाकीचंही बिघडलं असेल, मग सगळा वसंतच कचऱ्यात. परत तर कुणी पाठवणार नाही. मी जेवत नव्हते. अम्मीला वाटलं तिकडून काहीतरी लागण घेऊन आले. मॅडमनी मात्र एकेक बाटली परत लावायला लावली, एकेक विष परत तपासायला लावलं. धुरातली बाकीची, जड विषं कोऱ्या बाटल्यांत कुठंच नव्हती. ती बर्फात होती, खरी होती, दूरवरून आलेली होती. फक्त नॅप्थलीन तेवढं निकालातून काढून टाकायचं. प्रबंधात त्याचा रकाना रिकामा ठेवायचा आणि खाली एक ओळ लिहायची, की कपड्यांतून भेसळ झाल्यानं वगळलं. वाचले मी. मॅडमच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले.

अब्बांना सांगितलं नाही. कसं सांगणार? ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "आपली रुई पार उत्तर ध्रुवावर जाऊन आली, म्हाईत हाय का? तिथल्या बर्फात टिकली, तुमच्या भोकरच्या थंडीत काय हाय!" त्यावर रजया खपत होत्या, ते सोडा. पण त्यांचा चेहरा! मला तो उतरलेला पाहवला नसता.

आमच्याकडे पीएचडीची तोंडी परीक्षा म्हणजे अर्धं लग्न. सगळं गणगोत येतं, हार येतात, शाल येते, बाहेर जेवणाचा बेत असतो. अब्बा इस्त्रीची शेरवानी आणि नवी टोपी घालून पहिल्या ओळीत बसले होते. अम्मी मागं बायकांत. मी बोलत होते इंग्रजीत, आणि अब्बा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

शेवटी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर केला आणि नेमकं तेच विचारलं. नॅप्थलीन का वगळलं? कोणते कपडे? कुठले?

अब्बांची मान डोलायची थांबली. इंग्रजी त्यांना येत नाही, पण हा एक शब्द येतो. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर तो छापलेला आहे.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दोन गुळगुळीत वाक्यांत वेळ मारून नेता आली असती. पण आयुष्यभर ज्यानं मला मापात पाप करू नको म्हणून सांगितलं, तो माणूस समोर बसला होता. मी मराठीतच म्हणाले, "सर, माझ्या अंगावरच्या बंडीतून आलं. मला थंडी वाजू नये म्हणून घरी शिवली होती. ती जपून राहावी म्हणून तिच्यात डांबर गोळ्या ठेवल्या होत्या."

सभागृहात हसू फुटलं, गोड हसू, वाईट नव्हे. परीक्षकही हसले आणि म्हणाले, हे असंच प्रबंधात लिहायला हवं होतं. डिग्री जाहीर झाली, टाळ्या झाल्या. अब्बा आपल्या हातांकडे बघत बसले होते.

जेवणात त्यांनी जिलेबीला हात लावला नाही. परत येताना एसटीत माझ्याशेजारी बसले. बारड गाव मागं गेलं. मग खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, "डिग्री खरी दिली ना? माझ्यापायी कापली तर न्हाई काही?"

"न्हाई अब्बा. पूर्ण दिली."

"आन् तिथला बर्फ? नासला आसंल."

"तो केव्हाच वितळला, अब्बा. उन्हाळा येऊन गेला तिथं."

"म्हंजे बर्फबी गेला," ते म्हणाले. मी त्यांच्या दंडाला धरून बसले.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची खोकी खाली आली. ती कुठं गेली मी विचारलं नाही. आता आमच्या दुकानात रजईच्या घडीत कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. "चाचा, वास न्हाई आला, म्हंजे माल कच्चा दिसून राहिला." अब्बा म्हणतात, "न्यायचा तर न्या, न्हाई तर बर्फाला विचारून या." गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं आणि रजई घेऊन जातं.

यंदा दसऱ्याआधी अचानक कळलं की परत पाठवत आहेत. येत्या एप्रिलात, नव्या कामासाठी. मॅडम म्हणाल्या, "अय्यो, दोनदा! आणि ह्या वेळी वास घेऊन सोडणार मी तुला." घरी सांगितलं. अम्मीनं तोंड उघडायच्या आत अब्बा उठले आणि भिंतीवरची पिंजण उतरवली.

नवी बंडी शिवून झाली. पेटीत नाही ठेवली, पाला नाही घातला. अब्बा रोज सकाळी ती गच्चीवर दोरीला लावायचे, रोज उन्हं कलली की उतरवायचे. उतरवताना तिच्यात नाक खुपसायचे. मग अम्मीला वास घ्यायला लावायचे, मग शेजारच्या सुनेला हाक मारायचे. ती शिंकली नाही तरी त्यांचं समाधान होईना. परवा माझ्यासमोर येऊन बसले. बंडीची शिवण थोडी उसवून त्यांनी आतून रुईचा एक पुंजका काढला, स्वच्छ कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"माझं नाक गेलेलं हाय. तुझंबी गेलेलंच हाय. तुझ्या त्या मशीनीत घालून बघ."

"अब्बा, ही मी तिथं बाहेर घालणारच नाही. फक्त खोलीत, झोपताना."

"तरीबी बघ."

मी नांदेडला नेऊन पाहिलं. मॅडमनी काही न विचारता यंत्र मोकळं करून दिलं. रेघ निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. तो कागद छापून घेतला आणि आज सकाळी भोकरला आल्या आल्या अब्बांच्या हातात दिला. बाहेर गल्लीत पेट्या उघडल्या होत्या, शेजारची सून शिंकत होती. अब्बांनी चष्मा लावला. ते त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले, रजईचा टाका तपासावा तसं, सावकाश. रुईचे दोन तंतू त्यांच्या मिशीत अडकले होते.

"ह्याच्यात मी कुठंच न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही, अब्बा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा खुलला! आणि माझ्या मनात आलं, अब्बांशी एवढं मोठं खोटं मी जन्मात कधी बोलले नव्हते.